बायकांनी लिहिलेलं, बायकांबद्दलचं: खान्देशात आपण काय वाचतोय?

तापीकाठची (धागाकर्ती, भुसावळ)

मंडळी, ८ मार्च जवळ आलाय आणि त्याच्या पाठोपाठ १० मार्च, म्हणजे सावित्रीबाईंची पुण्यतिथी. आमच्या कॉलनीत दरवर्षी महिला दिनाचा कार्यक्रम होतो. पाहुण्या येतात, सत्कार होतात, बॅनरवर सावित्रीबाई, जिजाऊ, अहिल्याबाई, बहिणाबाई असतात, ग्रुपवर फोटो पडतात. बायका घरातलं सगळं टाकून दोन तास नटूनथटून बाहेर पडतात हे मला आवडतंच, त्याला नावं ठेवायची नाहीयेत. पण त्या बॅनरवरच्या बायकांपैकी जिने स्वतः लिहिलंय, तिचं पान आपण कधी उघडलंय का, हा प्रश्न मला सारखा टोचत होता.

म्हणून यावर्षी आमच्या भिशीच्या बायकांनी ठरवलं की उन्हाळी कामं सुरू झाली की वाचायचं. म्हणजे कसं, तर पापडांच्या दिवसांत आम्ही आळीपाळीने एकमेकींच्या गच्चीवर जमतोच, दहा जणी लाटतात आणि एकजण वाचते. वाचणारीने लाटीला हात लावायचा नाही, तिचे हात कोरडे, पुस्तक तिच्याच मांडीवर, बाकीच्यांच्या हाताला तेल. तिच्या वाटचे पापड बाकीच्या लाटून देतात. ज्यांना वाचता येत नाही त्या दोन काकू सगळ्यात पुढे बसतात आणि मध्येच थांबवून "ते परत वाच व माय" म्हणतात, आणि खरं सांगते, त्या जिथे थांबवतात तिथेच काहीतरी असतं.

सुरुवात सावित्रीबाईंच्या पत्रांनी केली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने त्यांचं समग्र वाङ्मय काढलंय, मा. गो. माळी यांनी संपादन केलेलं, त्यात जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं आहेत, १८५६, १८६८ आणि १८७७ ची. पहिल्यात त्या माहेरी आजारी आहेत आणि भाऊ म्हणतोय की तुम्ही नवराबायको धर्म सोडून वागता, आणि त्या भावाला सरळ उत्तर देतात. दुसऱ्यात नायगावला एका ब्राह्मण मुलाला आणि त्याच्यापासून दिवस गेलेल्या महार मुलीला गाव मारायला निघालंय आणि सावित्रीबाई धावत जाऊन इंग्रजांच्या कायद्याची भीती घालून दोघांना सोडवतात आणि जोतीरावांकडे पाठवून देतात. तिसरं दुष्काळातलं, ओतूरहून लिहिलेलं. शाळेत आपल्याला शेण-चिखल अंगावर झेलणारी सावित्रीबाई सांगितली, तीच पुन्हा पुन्हा, पण ही जमावापुढे एकटी उभी राहणारी, नवऱ्याला कामाचा रिपोर्ट द्यावा तसं लिहिणारी बाई कोणी सांगितलीच नव्हती. पुढे बसलेल्या काकूंनी एवढंच विचारलं, त्या पोरीचं पुढे काय झालं? पुढच्याचा पत्ता पत्रात नाही. पण प्रश्न बरोबर होता.

तर धागा यासाठी की तुम्ही तुमच्या गावात, घरात, शाळेत काय वाचताय ते लिहा. आणि एक मागणी आहे, पुस्तकाचं नाव लिहिताना ते पुस्तक आपल्यापर्यंत पोचलं कसं, कोणी टिपून ठेवलं, कोणी लपवलं, कोणी परत छापलं, तेही माहीत असेल तर लिहा. मला वाटतं बायकांचा अर्धा इतिहास तिथेच सापडतो.

आसोद्याची_लेक

ताई, मग सुरुवात आमच्यापासूनच करा. आसोदं बहिणाबाईंचं माहेर, जळगावचा चौधरी वाडा सासर. जन्म १८८०, अक्षरओळख नाही, तिशीत वैधव्य, तीन लेकरं, शेतीचं काम. त्या शेतात, जात्यावर म्हणायच्या आणि मुलगा सोपानदेव आणि मावसभाऊ टिपून ठेवायचे. १९५१ ला त्या गेल्या, त्यानंतर सोपानदेवांनी वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ ला पुस्तक आलं. म्हणजे बाईने स्वतःचं पुस्तक हातात धरलंच नाही.

आता विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, रील्सवर त्यांच्या चार ओळी फिरतात, घराघरात फ्रेम आहे. पण पूर्ण पुस्तक सलग वाचलेली माणसं आमच्या आसोद्यातही मोजकीच, हे मला बोचतं. पुस्तक सलग वाचलं की कळतं त्यात फक्त चूल आणि संसार नाहीये. पेरणी, कापणी, मोट, छापखाना, गावातली माणसं, सगळं आहे. जळगावात त्या काळी नवीन आलेला छापखाना पाहून न शिकलेली बाई त्यावर गाणं करते, हे माझ्या मुलीला सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मोबाईल खाली ठेवून बसली.

धुळेकर_वाचक

उत्तम धागा. मी तुमच्या मागणीप्रमाणे ताराबाई शिंदेंचं सांगतो. ‘स्त्रीपुरुषतुलना’, १८८२. बाई बुलढाण्याच्या, म्हणजे तुमच्या मुक्ताईनगरहून पुढे मलकापूर आलं की त्यांचाच जिल्हा. सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर स्वतःचं मूल मारल्याचा खटला चालला, १८८१ मध्ये, फाशी झाली आणि नंतर ती कमी होऊन काळं पाणी झालं. त्यावर वर्तमानपत्रांत बायकांच्या चारित्र्यावर जे काही लिहून येत होतं, ते वाचून ताराबाई पेटल्या आणि त्यांनी हे लिहिलं. सुरत धुळ्याला काही लांब नाही, आपल्याकडून रोज गाड्या जातात, पण हा खटला मी पन्नाशीत पहिल्यांदा वाचला.

आणि पुस्तक पोचलं कसं? तर जवळजवळ पोचलंच नाही. जोतीरावांनी ‘सत्सार’ या आपल्या पुस्तिकेत ताराबाईंची बाजू घेतली, पण बाकी गदारोळ एवढा झाला की त्यांनी पुढे काही छापल्याचं दिसत नाही. पुस्तक विस्मरणात गेलं ते १९७५ ला स. गं. मालशे यांनी परत छापेपर्यंत. नव्वदेक वर्षं!

भाषा एकदम रोखठोक आहे, समोर उभं राहून जाब विचारल्यासारखी. मोठ्याने वाचायला फार छान, पापडांसाठी अगदी योग्य.

केळीबाग (रावेर)

वाचतोय. एक मनापासून विचारतो, राग मानू नका. माझ्या मिसेसच्या ग्रुपने गेल्या वर्षी दोन-तीन आत्मचरित्रं घेतली आणि सगळ्या म्हणायला लागल्या की सगळीकडे छळच छळ आहे, आपल्या घरचं काय कमी आहे का म्हणून अजून वाचायचं. अर्ध्या जणी गळाल्या. हसायला येईल असं काही आहे का?

तापीकाठची

भाऊ, राग कसला, आमच्याकडेही हेच झालं असतं. म्हणून आम्ही पत्रांनंतर लगेच ‘स्मृतिचित्रे’ घेतलं. लक्ष्मीबाई टिळक. यात त्यांच्या वडिलांच्या सोवळ्याचं जे वर्णन आहे ना, बाजारातून घरात आलेलं जवळपास सगळं धुऊन घ्यायचं, ते वाचताना आमच्या एका वहिनीचं लाटणं हातातून सुटलं इतक्या आम्ही हसलो. आणि मग त्याच ओघात लक्ष्मीबाई सांगतात की आईचे वडील १८५७ च्या धामधुमीत फाशी गेले आणि त्या धक्क्यानंतर वडिलांचं हे असं सुरू झालं. सगळ्या गप्प. मग काकू म्हणाल्या, आमच्या सासऱ्यांचं पण असंच होतं, घरात एक जण गेल्यावर. त्या दिवशी पुढे वाचलंच नाही, काकूच बोलत होत्या.

हसवता हसवता एवढं सांगणारी बाई मराठीत दुसरी नाही असं माझं मत आहे. नवरा न सांगता धर्म बदलतो, पाच वर्षांच्या आसपास दोघं वेगळी राहतात, आणि ती हे सगळं कुठेही आक्रस्ताळेपणा न करता लिहिते. पोचण्याचं म्हणाल तर १९३४ पासून भाग छापून येत गेले, १९३६ ला त्या वारल्या आणि शेवटचा भाग मुलाने, देवदत्त टिळकांनी पुरा केला.

मास्तर_एरंडोल

आणि ‘स्मृतिचित्रे’ तर आपल्या खान्देशचंही पुस्तक आहे! धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे बालकवी. १९०७ ला जळगावात कविसंमेलन भरलं, तिथे या पोरसवदा मुलाची कविता ऐकून त्याला बालकवी म्हणायला लागले. पुढे तो टिळकांच्या घरी राहिला, लक्ष्मीबाईंनी त्याला लेकरासारखं सांभाळलं आणि त्याच्या आठवणी लिहिल्या. १९१८ मध्ये भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली गेला बिचारा. मी नववीच्या वर्गात बालकवींची निसर्गकविता शिकवताना आधी लक्ष्मीबाईंच्या आठवणींतला ठोंबरे वाचून दाखवतो, हट्टी, रुसणारा, मनाने लहान. मग पोरांना कविता वेगळीच ऐकू येते. कवीचं चरित्र सांगायला आपल्याला एका बाईचं पुस्तक लागतं हे मुलांनाही सांगतो.

सातपुडा (शहादा)

सगळं वाचलं, आनंद वाटला, पण एक बोलू का? आत्तापर्यंत नर्मदेच्या, सातपुड्याच्या बाजूचं एकही नाव आलेलं नाही. खान्देश म्हणजे फक्त जळगाव-धुळे नाही.

नजुबाई गावित वाचा. आदिवासी बाई, आपल्या धुळे-नंदुरबारच्या मातीतली, चळवळीतली कार्यकर्ती. ‘तृष्णा’ आणि ‘आदोर’ या तिच्या कादंबऱ्या स्वतःच्या जगण्यातून आलेल्या आहेत. भूक, सालदारकी, जंगल, आई, आणि शिकायची तहान. माझ्या वर्गातल्या पावरा आणि भिल्ल मुलींना मी त्यातली पानं वाचून दाखवली तेव्हा एक मुलगी म्हणाली, सर, पुस्तकात आपल्यासारखं पण असतं? मी त्यावर काय बोलणार.

आणि शहाद्याची चळवळ. १९७२ च्या सुमारास श्रमिक संघटना उभी राहिली, आधी मुद्दा जमिनीचा आणि मजुरीचा होता, आदिवासी नेते अंबरसिंग महाराज वगैरे त्यात होते. मग बायकांनी दारूचा प्रश्न घेतला. घोळक्याने गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली, मारकुट्या नवऱ्यांना जाब विचारला. गेल ऑम्व्हेट यांनी त्या काळातल्या बायकांच्या लढ्यांवर १९८० मध्ये इंग्रजीत पुस्तक लिहिलं. पण ज्या आज्या त्यात होत्या त्या आज सत्तरी-ऐंशीच्या आहेत, त्यांनी स्वतः सांगितलेलं मराठीत कुठे आहे? हेच माझं दुखणं आहे.

तापीकाठची

सर, बरं झालं बोललात. ‘तृष्णा’ पुढच्या यादीत वर घेते. प्रत कुठे मिळेल तेवढं सांगा.

आखाजी

ताई, धागा भलता चांगला काढा तुम्ही. मना मायले वाचता येस नही, पन कानबाईना गाना नि आखाजीना (अक्षय्य तृतीया) गाना सगळा तोंडपाठ सेत. मी आते मोबाईलवर रेकॉर्ड करी ऱ्हायनू.

बाकी मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना कळेल. सातपुडा सरांनी जे लिहिलं त्यावर सांगायचंय. आपल्याकडे बायकांचं पुस्तक नाही म्हणजे काहीच नाही असं नाही. गौराईची गाणी, झोक्यावरची गाणी, गुलाबाईची गाणी, लग्नातली तेलवण-हळदीची गाणी, यात सासर, दुष्काळ, परक्या गावाला दिलेली लेक, सगळं आहे. माझ्या मायच्या एका गाण्यात रेल्वे पहिल्यांदा आली त्याचं आहे, तिला ते तिच्या आजीकडून आलं. कोणी लिहिलं नाही एवढंच.

धुळेकर_वाचक

आखाजी भाऊ, हे काम फार मोलाचं आहे. दोन गोष्टी सांगतो. साने गुरुजींनी बायकांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्रीजीवन’ दोन भागांत काढलं. अमळनेरला शिक्षक असलेला माणूस. आपण त्यांना श्यामच्या आईसाठी ओळखतो आणि हे विसरतो. गंमत बघा, धुळ्याच्या तुरुंगात १९३२ ला विनोबांची गीता प्रवचनं उतरवून घेणारेही तेच. दुसऱ्याचं बोललेलं टिपायची सवय होती त्यांना.

दुसरं म्हणजे हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्याच्या बाजूने गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, गाणारीच्या नावासकट, गावासकट. आता त्या नेटवर ऐकायलाही मिळतात. तसं आपल्या अहिराणीचं, लेवा बोलीचं, पावरीचं व्हायला हवं.

रेकॉर्ड करताना एवढं पाळा. आधी गाणारीला विचारा की बाहेर टाकू का, नको म्हणाली तर फक्त घरात ठेवा. नाव, माहेरचं गाव, कोणाकडून शिकली, कुठल्या वेळी म्हणतात, हे तिच्याच आवाजात सुरुवातीला घ्या. मध्ये खोकला आला, नातू रडला तरी कापू नका. आणि तिने गाणं अर्धवट सोडलं तर तुम्ही शेवट जोडू नका.

वाडी_वस्ती (चाळीसगाव)

मी या धाग्यावर पहिल्यांदाच लिहितेय. आमच्या वस्तीतल्या मुलींसाठी आम्ही दोघी मैत्रिणी रविवारी वाचन घेतो. बॅनरवरच्या नावांत आमची नावं कमी असतात म्हणून मुद्दाम लिहिते.

मुक्ता साळवे. सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेतली मातंग समाजाची मुलगी, चौदाएक वर्षांची. १८५५ ला तिचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला, मांग-महारांच्या दुःखाविषयी. आमच्या मुली याच वयाच्या आहेत. पूर्ण निबंध एका बैठकीत वाचून होतो. ती विचारते की आम्हाला वेद वाचायचा अधिकार नाही तर आम्ही धर्मरहित आहोत का, मग आमचा धर्म कोणता? आमच्यातली एक मुलगी नेहमी मागे बसायची, ती त्या दिवशी पुढे आली आणि म्हणाली मी वाचते, आणि तिने न अडखळता शेवटपर्यंत वाचलं.

मग बेबीताई कांबळे, ‘जिणं आमुचं’. फलटणला दुकानात बसून लिहायच्या आणि घरच्यांपासून वह्या लपवून ठेवायच्या, वर्षानुवर्षं. आधी ‘स्त्री’ मासिकात आलं, १९८६ ला पुस्तक झालं. शांताबाई कांबळेंचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पण त्याच सुमाराचं. आणि उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं ‘आम्हीही इतिहास घडवला’, १९८९. या दोघी आंबेडकरी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायकांच्या घरी गेल्या, त्यांना बोलतं केलं आणि लिहून घेतलं. सातपुडा सर, तुम्हाला शहाद्याच्या आज्यांचं जे हवंय ते कसं करायचं याचा रस्ता या पुस्तकात आहे. जरूर बघा.

केळीबागवाल्या दादांना एक सांगते. आमच्या मुलींना या पुस्तकांतला छळ वाचून उदास नाही वाटलं. त्यांना वाटलं की आपल्या आजीचं कोणीतरी ऐकून घेतलं.

केळीबाग (रावेर)

ताई, समजलं. मिसेसला हा धागाच वाचायला देतो. आणि मीही वाचणार, नुसतं आणून देणार नाही.

पुण्यातला_खान्देशी

धागा मस्त रंगलाय. माझी एक तक्रार. सुट्टीत गावाकडे आलो की वाचनालयात जातो. एका वाचनालयात (नाव नको) ‘महिला विभाग’ म्हणून वेगळं कपाट आहे आणि त्यात ‘स्मृतिचित्रे’, रमाबाई रानड्यांच्या आठवणी, रुखवताची पुस्तकं, मेंदी डिझाइन आणि लोणची-पापडांची पुस्तकं एकत्र. मला मेंदीचा राग नाही, पण गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ तिथे बघून वाईट वाटलं. वारली आदिवासींच्या लढ्याचं पुस्तक, १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार, ते इतिहासाच्या कपाटात का नाही? पुरुष वाचक त्या कपाटाकडे फिरकतसुद्धा नाहीत. ग्रंथपालांना विचारलं तर म्हणाले लेखिका आहे ना, म्हणून.

मास्तर_एरंडोल

याला उपाय आहे, सभासदांनी लेखी अर्ज द्यायचा. आमच्या तालुक्याच्या वाचनालयात आम्ही दिला, दोन-तीन बैठका लागल्या, पण चरित्रं चरित्रांत गेली. जळगावच्या व. वा. वाचनालयासारखी १८७७ पासूनची संस्था आपल्या भागात आहे, वाचकाने मागितलं की पुस्तकं हलतात. मागणाराच नसतो.

रमाबाई रानड्यांचा विषय निघालाय म्हणून. बरेच जण म्हणतात ते पुस्तक नवऱ्याबद्दल आहे, बाईचं नाही. मला पटत नाही. १८७३ ला अकरा वर्षांची मुलगी एकतीस वर्षांच्या माणसाची बायको होते, तो शिकवतो, आणि घरातल्या मोठ्या बायका त्या शिकण्यावरून तिला टोचून खातात. ती तक्रार करत नाही, पण कोण काय म्हणालं ते बारीक बारीक लिहिते. आमच्या वर्गातल्या मुली यातलं घर लगेच ओळखतात. नंतर हीच बाई पुण्यात सेवासदनसारखी संस्था चालवते.

आसोद्याची_लेक

अजून एक नाव राहिलंच, मुक्ताई. कोथळी, मेहूण, आपल्या तापीकाठी. चौदाशे वर्षांच्या चांगदेवांनी त्या लहानग्या पोरीला गुरू केलं अशी आपली परंपरा आहे, आणि मुक्ताईनगरहून निघणारी पालखी पंढरपूरला सगळ्यात लांबून येणाऱ्यांपैकी एक. माझी आई वारीत दरवर्षी ताटीचे अभंग म्हणते, पण ते रुसलेल्या मोठ्या भावाला समजावणाऱ्या बहिणीचे आहेत हे मी गाथा हातात घेऊन अर्थासकट वाचल्यावर तिच्याशी बोलले. आई म्हणाली, मला माहीत होतं, तू विचारलं नाहीस कधी.

तापीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं येईल असं वाटलं नव्हतं.

आमचं ठरलं ते लिहून टाकते. ८ मार्चला कॉलनीच्या कार्यक्रमात मुक्ता साळवेचा निबंध पूर्ण वाचायचा, भाषणाच्या जागी, वाचणार आठवीतली एक मुलगी. वाडी_वस्ती ताई, तुमच्या मुलींपैकी कोणी येऊ शकली तर आमच्याकडे मुक्कामाची सोय आहे. १० मार्चला १८६८ चं पत्र परत, कारण त्या दिवशी नसलेल्या बायकांनी मागितलंय. त्यानंतर बिबड्यांच्या (ज्वारीच्या पापडांच्या) दिवसांत ‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि मग ‘तृष्णा’.

आखाजीला माहेरवाशिणी येतील तेव्हा गाणी रेकॉर्ड करायची आहेत. धुळेकर काकांनी सांगितलेलं सगळं वहीत उतरवून घेतलंय, आखाजी भाऊ, तुम्ही कुठलं ॲप वापरता ते सांगा, आमच्याकडे वारा फार येतो आवाजात.

आखाजी

ताई, फोनमधलं साधं रेकॉर्डर चालतं. फोन गाणाऱ्या बाईच्या पदराखाली नाही, समोर उशीवर ठेवायचा आणि पंखा बंद. झोक्यावर असताना नका घेऊ, कडीचा आवाज येतो, खाली उतरल्यावर परत म्हणायला सांगा.

सातपुडा (शहादा)

‘तृष्णा’ची एक प्रत माझ्याकडे आहे, पोरांनी हाताळून कव्हर सुटलंय पण पानं पूर्ण आहेत. या शनिवारी शहाद्याहून भुसावळला कोणी येणार असेल तर त्याच्या हाती देतो. वाचून झालं की रावेरला केळीबाग दादांकडे द्या.